छळ कशाला म्हणायचं?
पाश्चात्त्य देशांतल्या ख्रिश्चनांच्या तक्रारीबद्दल

(युवा शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी धर्माचा अभ्यासक नाही आणि वकीलही नाही. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा-तेरा वर्षं दिवसभर लोकांच्या तक्रारी वाचतोय. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणतात. तिकीट आलं की आधी ठरवायचं: खरंच काही बिघडलंय का, किती बिघडलंय, किती जणांचं काम अडलंय. काही नवीन मुलं तिकीट न वाचताच ‘हा बग नाही’ असा शेरा मारून बंद करतात. काही जण उलटे, प्रत्येक तिकिटाला ‘अतितातडीचं’ असा लाल शिक्का मारतात. दोघांमुळेही काम बिघडतं. आजचा विषय मी याच सवयीनं मांडणार आहे.

विषय असा: युरोप-अमेरिकेतले ख्रिश्चन म्हणतात की आमचा धार्मिक छळ होतोय. हे खरं आहे का?

तुम्हाला वाटेल, आपला याच्याशी काय संबंध? आपलेच प्रश्न थोडे आहेत का? मलाही तसंच वाटायचं. मग एक गोष्ट घडली, ती आधी सांगतो.

आमच्या क्लायंटकडे टेक्सासचा एक जण होता. माझ्याच वयाचा, कामाला चोख, दर रविवारी चर्चला जाणारा. एकदा मीटिंग सुरू व्हायला वेळ होता, इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं. तो म्हणाला, “आता इथे ख्रिश्चन म्हणून जगणं अवघड झालंय. ख्रिसमसच्या शुभेच्छासुद्धा जपून द्याव्या लागतात.” मी माइक बंद केला आणि हसलो. म्हटलं, ज्यांचा राष्ट्राध्यक्ष बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, ते म्हणे छळ सोसतायत!

काही महिन्यांनी मी घर शोधत होतो. एका एजंटनं फोनवर सगळं ठरवलं, शेवटी नाव विचारलं आणि नाव ऐकून म्हणाला, “सोसायटीचं आधीच ठरलेलं आहे हो.” त्या आठवड्यात असे तीन फोन झाले. माझा उतरलेला चेहरा बघून टेक्सासवाल्यानं विचारलं, मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “पण तुमच्याकडे तर मुस्लिम राष्ट्रपती झालेत ना? तुमचे सर्वांत मोठे सिनेनट मुस्लिमच आहेत ना?”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. पण मला राग आला. झाकिर हुसेन, फखरुद्दीन अली अहमद, कलाम राष्ट्रपती झाले म्हणून मला घर मिळालं का? रात्री झोप येईना आणि तेव्हा लक्षात आलं, मीही त्याच्याशी हेच केलं होतं. त्याच्या राष्ट्राध्यक्षाकडे बोट दाखवून त्याची तक्रार न वाचताच बंद केली होती.

म्हणून मग मी ती तक्रार वाचायला घेतली. वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘छळ’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. त्या चार कप्प्यांत लावून दाखवतो.

पहिला कप्पा: मोठेपण कमी होणं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिश्चन म्हटलं होतं. २०२१ मध्ये ते प्रमाण ४६ टक्क्यांवर आलं, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. अमेरिकेत प्यू या संशोधन संस्थेच्या मोठ्या पाहणीत २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ ख्रिश्चन होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. चर्च ओस पडतायत, नातवंडं चर्चला येत नाहीत, दुकानदार ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतो. ज्याचं सगळं आयुष्य त्या वातावरणात गेलं, त्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटणारच. ते दुःख खरं आहे. पण हे कुणी कुणावर लादलेलं नाही. लोक आपल्या मर्जीनं धर्मापासून लांब गेले.

आणि अधिकाराच्या जागा बघा. ब्रिटनचा राजा आजही चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख आहे. त्या चर्चचे २६ बिशप पदसिद्ध म्हणून संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसतात. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या काँग्रेसमध्ये सुमारे ८७ टक्के सदस्य ख्रिश्चन होते, म्हणजे लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त. पुढच्याच महिन्यात ट्रम्प यांनी ‘ख्रिश्चनविरोधी पक्षपात’ संपवण्यासाठी आदेश काढून न्याय खात्यात खास कृतिदल नेमलं. ज्या समाजाच्या तक्रारीसाठी राष्ट्राध्यक्ष स्वतः कृतिदल नेमतो, तो समाज असहाय आहे असं म्हणता येत नाही.

न्यायालयंही बघा. इटलीच्या सरकारी शाळांत वर्गाच्या भिंतीवर क्रूस असतो. एका पालकानं हरकत घेतली. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०११ मध्ये सांगितलं, क्रूस राहिला तरी हक्कभंग होत नाही. त्याच न्यायालयानं २०१४ मध्ये फ्रान्सची चेहरा झाकण्यावरची बंदीही वैध ठरवली. भिंतीवरचा क्रूस चालतो, बाईच्या चेहऱ्यावरचा नकाब चालत नाही. इथे बहुसंख्याकांचं पारडं अजून जड आहे, हे आपण स्पष्ट बोललं पाहिजे.

२०१७ मध्ये पीआरआरआय या संस्थेनं अमेरिकेत विचारलं, कुणाला खूप भेदभाव सोसावा लागतो? गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांपैकी ५७ टक्के म्हणाले, ख्रिश्चनांना. मुस्लिमांना असं म्हणणारे त्यांच्यात ४४ टक्केच होते. वाचून हसू येतं, मलाही आलं. पण यात खोटेपणापेक्षा नजरेचा दोष जास्त आहे. आपल्याला टोचलेला काटा भाल्याएवढा वाटतो, दुसऱ्याच्या छातीतला भाला लांबून काट्याएवढा दिसतो. आपल्यालाही हेच होतं.

दुसरा कप्पा: खराखुरा अन्याय.

इथे मला हसू आवरावं लागलं. नादिया एवीडा ही कॉप्टिक ख्रिश्चन बाई ब्रिटिश एअरवेजमध्ये विमानतळावर काम करायची. २००६ मध्ये तिनं गळ्यातला छोटा क्रूस गणवेशाच्या बाहेर दिसेल असा घातला. कंपनीच्या गणवेशाच्या नियमात ते बसेना, तिला घरी पाठवलं. पगार नाही. त्याच कंपनीत मुस्लिम बायकांना हिजाब आणि शिखांना पगडी घालायला परवानगी होती. काही महिन्यांनी कंपनीनं नियम बदलला, ती कामावर परतली. पण गेलेल्या पगाराचं काय? ब्रिटनच्या न्यायालयांत ती हरत गेली. शेवटी १५ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला आणि २,००० युरो भरपाई दिली.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीला आपली प्रतिमा जपायचा अधिकार आहे, पण त्याला फार वजन दिलं गेलं. हिजाब आणि पगडी घातलेल्या कर्मचाऱ्यांमुळे कंपनीच्या नावाला धक्का बसला नव्हता, मग क्रूसामुळे कसा बसेल? म्हणजे आपल्या बहिणींचा हिजाब एका ख्रिश्चन बाईच्या क्रूसाच्या बाजूनं पुरावा झाला. ‘ब्रिटनमध्ये ख्रिश्चनांचा कसला आलाय अन्याय’ असं म्हणून मी हे तिकीट बंद केलं असतं तर मी चुकलो असतो.

आणखी एक उदाहरण. डिसेंबर २०२२ मध्ये बर्मिंगहॅममध्ये गर्भपात केंद्राजवळच्या प्रतिबंधित भागात एक बाई गप्प उभी होती. पोलिसांनी विचारलं, प्रार्थना करतेस का? ती म्हणाली, मनातल्या मनात करत असेन. अटक झाली. न्यायालयात ती निर्दोष सुटली आणि पुढे पोलिसांनी तिला १३,००० पौंड दिले. गर्भपाताबद्दल तुमचं मत काहीही असो. त्या भागात बायकांना कुणी त्रास देऊ नये हा नियमही मला पटतो. पण मनात काय चाललंय हे पोलिसांनी विचारावं, ही गोष्ट आपल्यालाच सगळ्यांत आधी खटकायला हवी.

तिसरा कप्पा: दोन हक्कांची टक्कर.

एवीडाच्या निकालातच आणखी तिघांचे दावे होते आणि ते तिघं हरले. एक नर्स होती, तिलाही क्रूस घालायचा होता. रुग्णालयाचं म्हणणं, साखळीमुळे रुग्णाला इजा किंवा संसर्ग होऊ शकतो. न्यायालयानं ते मानलं. दुसरी लंडनच्या इस्लिंग्टन भागातली विवाह नोंदणी करणारी कर्मचारी. समलिंगी जोडप्यांची नोंदणी माझ्या श्रद्धेत बसत नाही असं ती म्हणाली. तिसरा समुपदेशक, समलिंगी जोडप्यांना लैंगिक समुपदेशन द्यायला त्याचा नकार होता. न्यायालय म्हणालं, संस्थेनं सगळ्यांना समान सेवा देण्याचं धोरण ठेवणं योग्य आहे.

माझं मत विचाराल तर सरकारी खिडकीमागे बसलेल्या माणसानं समोरच्याची जातकुळी पाहू नये. विचार करा, उद्या एखादा कारकून म्हणाला की माझ्या श्रद्धेनुसार मी मुस्लिम मुलाचा आणि हिंदू मुलीचा विवाह नोंदवणार नाही, तर चालेल का? नाही चालणार. मग तिथेही चालू नये. मनातली श्रद्धा जपण्याचा हक्क आणि दुसऱ्याचं काम अडवण्याचा हक्क, या वेगळ्या गोष्टी आहेत. तरी यात हरलेल्या माणसाला वेदना होते, तेवढं मान्य करायला आपलं काही जात नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोचा केकवाला गाजला. २०१२ मध्ये त्यानं एका समलिंगी जोडप्याच्या लग्नाचा केक करायला नकार दिला. राज्याच्या आयोगानं त्याला दोषी धरलं. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी तो निर्णय रद्द केला. कारण काय? केक नाकारायचा सरसकट हक्क न्यायालयानं मान्य केला नव्हता. सुनावणीत आयोगाच्या सदस्यांनी त्याच्या धर्माबद्दल तुच्छतेनं बोललं होतं, हे कारण होतं. सरकारी अधिकाऱ्यानं कुणाच्या श्रद्धेबद्दल आकस ठेवू नये, इतकं साधं तत्त्व.

आता पुढचं ऐका. त्याच महिन्यात, त्याच न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ट्रम्प यांची प्रवासबंदी वैध ठरवली. बहुतांश मुस्लिमबहुल देशांवरची ती बंदी होती आणि ट्रम्प प्रचारात मुस्लिमांबद्दल काय काय बोलले होते ते जगानं ऐकलं होतं. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात हाच प्रश्न विचारला: केकवाल्याच्या प्रकरणात आकस दिसला, मग इथे का दिसत नाही? तत्त्व चांगलंच होतं. बोचतं ते हे की सगळ्यांना एकाच मापानं मोजलं नाही.

चौथा कप्पा: छळ.

मी छळ कशाला म्हणतो? श्रद्धेमुळे जीव, घर किंवा स्वातंत्र्य धोक्यात येतं आणि दाद मागायला गेलात तर दार बंद असतं. पोलीस बघत उभे राहतात, न्यायालय ऐकत नाही, किंवा सरकारच मारणारं असतं.

पाश्चात्त्य देशांत ख्रिश्चनांवर असं कधी झालं का? झालं. १८३८ मध्ये मिसूरीच्या गव्हर्नरनं मॉर्मन लोकांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा, असा लेखी आदेश काढला. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिकांची चर्च जाळली गेली. १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यहोवा विटनेस पंथाच्या मुलांना शाळेत झेंड्याला सलामी द्यावीच लागेल. त्यानंतर गावोगावी त्या पंथाच्या लोकांना जमावानं मारलं, मेन राज्यात त्यांचं प्रार्थनास्थळ जाळलं. नाझी जर्मनीत हिटलरला सलाम करत नाहीत म्हणून त्यांना छळछावण्यांत टाकलं. कपड्यावर जांभळा त्रिकोण, ही तिथली त्यांची खूण. हे सगळे ख्रिश्चनच होते, पण त्या त्या जागी अल्पसंख्य. धर्माचं नाव मोठं असलं तरी माणूस एकटा पडू शकतो.

आजचं काय? २६ जुलै २०१६ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडीत ८५ वर्षांचे फादर जाक हामेल प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये मारले गेले. मारणाऱ्या दोघांनी आपल्या धर्माचं नाव घेतलं होतं. २०२० मध्ये नीस शहरातल्या चर्चमध्ये तिघांना मारलं, तिथेही तसंच. हे बोलताना माझी मान खाली जाते आणि ते टाळून हा विषय मांडता येणार नाही. यात फरक एवढाच की तिथलं सरकार, पोलीस, सगळा समाज बळी पडलेल्यांच्या बाजूनं उभा राहिला. फादर हामेल गेल्यानंतरच्या रविवारी फ्रान्समधले मुस्लिमही चर्चमध्ये जाऊन त्या लोकांशेजारी बसले. २०१७ मध्ये क्वेबेकच्या मशिदीत सहा जण आणि २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चमध्ये ५१ जण मारले गेले, तेव्हा शेजारचे ख्रिश्चन आपल्या लोकांसाठी फुलं घेऊन उभे होते, तसेच.

म्हणून माझं उत्तर: आज पाश्चात्त्य देशांत ख्रिश्चन समाजाचा छळ होतो, हे म्हणणं पुराव्याला धरून नाही. तिथे धर्मावरून गुन्ह्यांची नोंद होते, त्यात ज्यू आणि मुस्लिमच पुढे आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये मार्च २०२४ अखेरच्या वर्षात अशा गुन्ह्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुस्लिमांविरुद्ध आणि जवळपास एक तृतीयांश ज्यूंविरुद्ध होते. पण एकेकट्या ख्रिश्चन माणसावर अन्याय होतो, हेही तितकंच खरं. पहिलं वाक्य सांगून दुसरं गाळणं हा अप्रामाणिकपणा आहे. दुसरं सांगून पहिलं गाळणं हाही.

आणि छळ हा शब्द सगळीकडे वापरला की तो खऱ्या जागी पुरत नाही. २०१४ मध्ये मोसूलमधून आयसिसनं ख्रिश्चनांना हाकललं, त्याला काय म्हणणार? पाकिस्तानात आसिया बीबी या शेतमजूर बाईला ईशनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०१८ मध्ये निर्दोष ठरेपर्यंत ती तुरुंगात होती. तिची बाजू घेतल्याबद्दल पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांचा त्यांच्याच अंगरक्षकानं खून केला. केकवाल्यासाठी आणि आसिया बीबीसाठी एकच शब्द वापरला तर आसिया बीबीचं दुःख हलकं होतं. आणि मित्रमैत्रिणींनो, तिच्याबद्दल आपण किती वेळा तोंड उघडलं, हाही प्रश्न विचारा. टेक्सासवाल्यानं मला तो विचारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या कामाचा.

१९४० च्या त्या झेंड्याच्या निकालानंतर यहोवा विटनेस गप्प बसले नाहीत. पुन्हा न्यायालयात गेले आणि १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, त्याच न्यायालयानं आपला निकाल फिरवला: कुणालाही सलामीची सक्ती करता येणार नाही. १९८५ मध्ये केरळमध्ये त्याच पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं बिजो इमॅन्युएल प्रकरणात त्या मुलांना न्याय दिला. त्या निकालात अमेरिकेतल्या झेंड्याच्या वादाची दखल आहे. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली, तेव्हा मुलींच्या बाजूनं मत देणाऱ्या न्यायमूर्ती धुलिया यांनी याच बिजो इमॅन्युएल निकालाचा आधार घेतला.

अमेरिकेतही तेच. २०१४ मध्ये हॉबी लॉबी या ख्रिश्चन मालकांच्या कंपनीनं गर्भनिरोधकांच्या विम्यावरून खटला जिंकला. तो निकाल मला पटत नाही, कारण त्याची किंमत नोकरी करणाऱ्या बायकांनी मोजली. पण तो लढणारी बेकेट ही संस्था अर्कान्सासच्या तुरुंगातल्या एका मुस्लिम कैद्यासाठीही उभी राहिली. त्याला अर्धा इंच दाढी ठेवायची होती. पुढच्याच वर्षी सर्व न्यायमूर्तींनी एकमतानं परवानगी दिली. त्याच वर्षी हिजाबमुळे कपड्याच्या दुकानात नोकरी नाकारलेल्या मुलीच्या बाजूनं निकाल लागला. तो लिहिला कट्टर परंपरावादी कॅथलिक न्यायमूर्ती स्कालिया यांनी.

म्हणजे हक्काचा रस्ता एकानं बांधला की त्यावरून दुसऱ्यालाही चालता येतं. म्हणून दुसऱ्याच्या तक्रारीला हसण्याआधी ती वाचायची. मापही एकच ठेवायचं, सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश तोच आहे: कुणाबद्दल वैर असलं तरी न्याय सोडू नका. आपले पूर्वसूरी मक्केतला छळ सोसून हबशाला गेले, तेव्हा तिथल्या ख्रिश्चन राजानं, नजाशीनं, त्यांना परत पाठवा म्हणणाऱ्यांचंही ऐकलं आणि आपल्या लोकांचंही ऐकलं. मगच आसरा दिला. त्यानं आपलं तिकीट वाचलं होतं.

तुमच्या फोनवर उद्या असा एखादा व्हिडिओ येईल. पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. नेमकं काय गेलं: मान, नोकरी, की जीव? दाद मागायला दार उघडं आहे का? आणि हेच आपल्यासोबत झालं असतं तर मी कुठला शब्द वापरला असता? आपल्या तक्रारीलाही हेच प्रश्न लावा. घर नाकारलं गेलं तर तारीख, वेळ, मेसेज जपून ठेवा. त्याला भेदभाव म्हणा, कारण तो भेदभावच आहे. नेमका शब्द वापरलेली तक्रार खोडणं कठीण जातं.

टेक्सासवाल्याशी मी नंतर बोललो. माइक बंद करून हसलो होतो, तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मीही तुझं घराचं प्रकरण नीट ऐकलं नव्हतं.” मग मी त्याला एवीडाची गोष्ट सांगितली आणि त्यानं मला विचारलं, “मग घर मिळालं का शेवटी?”

मिळालं. तेही कसं मिळालं ते विचारलंत तर सांगतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.